पन्नास सेकंदांचा सिनेमा: ल्युमिएर, मेलिएस, आलिस गी आणि मंडळी

शर्वरी_नाशिक

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि माझी दहा वर्षांची भाची लॅपटॉप उघडून बसतो. 1895 ते 1910 च्या दरम्यानचे फ्रेंच मूकपट, रोज दोन किंवा तीन. एकेक फिल्म मिनिटभराची, फार तर पंधरा मिनिटांची. सुरुवात केली तेव्हा मनात एवढंच होतं की सिनेमाचा इतिहास आहे, एकदा नजरेखालून घालावा. आता माझं मत पार बदललंय. ही माणसं चाचपडत नव्हती. त्यांना आपण काय करतोय ते नीट कळत होतं, आणि ते आपल्याला दिसत नाही याचं कारण आपण घाईघाईने बघतो. म्हणून हा धागा. इथे या विषयावर जुनं काही सापडलं नाही.

सुरुवात ल्युमिएरांपासून. लिऑन शहरातल्या मोंप्लेझिर भागात आंत्वान ल्युमिएर यांचा फोटोच्या कोरड्या काचा बनवायचा मोठा कारखाना होता. ऑग्युस्त आणि लुई ही त्यांची मुलं. 13 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी सिनेमॅटोग्राफचं पेटंट घेतलं. हातात उचलून नेता येईल अशी लाकडी पेटी. तिच्यातच चित्रण व्हायचं, तिच्यातच प्रिंट निघायची आणि मागे दिवा ठेवला की तीच पेटी पडद्यावर चित्र टाकायची. फिल्म एकेक चौकट खाली ओढणारा जो आकडा आहे, तो लुईला शिवणयंत्रात कापड सरकवणाऱ्या दात्यांवरून सुचला. पेटीत साधारण 17 मीटर फिल्म मावायची आणि हँडल सेकंदाला 16 चौकटींच्या बेताने फिरवायचं. म्हणजे जे काही सांगायचं ते पन्नास सेकंदांत.

आता त्यांची कारखान्याच्या फाटकाची फिल्म घ्या. कामगार सुट्टी होऊन बाहेर पडतात, बस. पण ही फिल्म एक नाही, तीन आहेत! अभ्यासक त्या घोड्यांवरून ओळखतात: एकीत एका घोड्याची गाडी बाहेर येते, एकीत दोन घोड्यांची, एकीत घोडाच नाही. एका आवृत्तीत फाटक उघडण्यापासून ते मिटायला लागेपर्यंत सगळं बरोब्बर त्या 17 मीटरांत बसवलंय. आपोआप असं होत नाही. कुणीतरी कामगारांना सांगितलं असणार की चला, पटापट बाहेर या, कॅमेऱ्याकडे बघू नका. रीटेक हा प्रकार सिनेमाच्या पहिल्याच वर्षापासून आहे.

दुसरी फिल्म माळ्याची. माळी नळीने बागेला पाणी घालतोय, एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडाकडे वाकून बघतो, पोरगा पाय काढतो आणि सगळं पाणी माळ्याच्या तोंडावर. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं बघा. पोरगा पळतो, माळी त्याला मागे गाठतो, आणि तिथेच फटके न देता त्याला धरून पुढे आणतो, बरोबर चौकटीच्या मधोमध, आणि मग देतो. कॅमेरा तर हलणार नाही! मग माणसाने कॅमेऱ्यापुढे यायचं. ही अक्कल 1895 साली आहे. भाचीने तेवढाच तुकडा चार वेळा लावायला सांगितला.

तिसरी, बाळाच्या न्याहारीची. ऑग्युस्त, त्याची बायको मार्गरीत आणि त्यांची तान्ही आंद्रे. बाप चमच्याने भरवतोय, बाळ बिस्किट पुढे करतंय. त्या वेळच्या प्रेक्षकांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं, तर मागे वाऱ्याने हलणाऱ्या पानांचं. नाटकात पडद्यावर रंगवलेलं झाड असतं, त्याची पानं हलत नाहीत. मी ही फिल्म आधी दोनदा पाहिली होती, पण पानांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आता आम्ही प्रत्येक फिल्म दोनदा बघतो. एकदा मधे काय चाललंय ते आणि एकदा कडेला काय चाललंय ते.

जादूगार आणि सिनेमावाला मेलिएस, त्याच्यावर नंतर सविस्तर लिहिते. तोवर ज्यांनी यातलं काही पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

तंबूवाले_काका

शर्वरीताई, लेख मनापासून आवडला. मी एरवी इथे फक्त वाचतो, पण आज राहवलं नाही. माझं वय 71. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत टूरिंग टॉकीजवर मशीन चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा यंत्राबद्दल दोन शब्द लिहितो.

तुम्ही सेकंदाला 16 चौकटी म्हणालात. आमच्या बोलपटाच्या मशीनला 24 चा वेग कायमचा बांधलेला. मुक्या जमान्यातली पट्टी त्या मशीनवर चढवली तर माणसं दीडपट वेगाने पळणार. लोकांच्या डोक्यात जे बसलंय की जुन्या सिनेमात सगळे तुरुतुरु चालतात, ते यातून आलं. चालणारा माणूस नीट चालत होता, वेग चुकला तो दाखवणाऱ्याचा. तुम्ही कॉम्प्युटरवर बघता तिथे वेग कमी करायची सोय असते. माणसाच्या पावलांकडे बघा, पाऊल जड वाटेपर्यंत वेग खाली आणा. आपोआप कळतं.

आणि हाताने फिरवणं सोपं नव्हे. माझ्या उस्तादांनी मला हाताने फिरवायचं जुनं मशीन एकदा चालवायला दिलं होतं. पहिल्या मिनिटाला वाटतं जमलं. मग मनगट भरून येतं आणि नकळत वेग पडतो. पट्टी दिव्यासमोर रेंगाळली तर तापते. ते जुनं नायट्रेटचं रीळ, त्याला आग लागली की पाण्याने विझत नाही. 4 मे 1897 ला पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या दिव्याच्या ईथरमुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक बायका. आमचे उस्ताद ही गोष्ट प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, तारखेसकट. केबिनमध्ये विडी ओढायची नाही, हा नियम तिथून आला असं ते म्हणायचे.

ल्युमिएरच्या यंत्रातली एक गोष्ट मला फार भावली. दिव्याचा प्रकाश एकवटायला भिंगाच्या जागी ते पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवत. पाणी उष्णता शोषून घेतं, त्यामुळे पट्टीला कमी चटका. आणि चंबू फुटलाच तर प्रकाश एकवटायचाच थांबतो, पट्टी वाचते. ज्याने हे योजलं त्याने मशीनपाठी उभं राहणाऱ्याचा विचार केला होता.

जिज्ञासू_७७

धागा उत्तम, वाचनखूण साठवली आहे. काकांचा प्रतिसाद तर खासच.

28 डिसेंबर 1895 च्या पहिल्या खेळात आगगाडी अंगावर येतेय असं वाटून लोक खुर्च्या सोडून पळाले, त्याबद्दलही लिहा ना. आम्हाला फिल्म सोसायटीच्या शिबिरात हाच किस्सा सांगितला होता.

शर्वरी_नाशिक

@काका, तुमचा प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला. आज रात्री सगळं हळू वेगात पुन्हा बघणार आहोत. 🙏

@जिज्ञासू, हा किस्सा मीही खरा धरून चालले होते. पण त्या दिवशीच्या दहा फिल्म्सच्या यादीत सिओता स्टेशनची ती आगगाडी नव्हतीच, ती नंतर आली. आणि लोक पळाल्याचा त्या वेळचा भरवशाचा पुरावाही नाही. खरी हकीकत मला जास्त आवडते. ग्रँ कॅफेच्या तळघरातली खोली, तिचं नाव सालों इंदियँ, म्हणजे भारतीय दालन. तिकीट एक फ्रँक. मालकाला ल्युमिएरांनी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देऊ केला होता. त्याने नको म्हटलं आणि रोजचं 30 फ्रँक भाडं ठरवून घेतलं. पहिल्या दिवशी तिकीट काढून आले 33 जण. थोड्याच दिवसांत रोज दोन हजारांवर लोक यायला लागले, भाडं मात्र तेच.

आगगाडीच्या फिल्ममध्येही पळण्यापेक्षा बघण्यासारखं खूप आहे. कॅमेरा रुळांच्या अगदी जवळ, तिरपा ठेवलाय. गाडी लांबून ठिपक्यासारखी येते आणि चौकट भरून टाकते, इंजिन डावीकडून बाहेर जातं, गाडी थांबते, मग उतरणारी माणसं कॅमेऱ्याच्या इतकी जवळ येतात की चेहरे मोठे दिसतात. कॅमेरा जागचा न हलवता दूरचं, मधलं आणि जवळचं असं तिन्ही अंतरांवरचं दृश्य एकाच फिल्ममध्ये. लुई ल्युमिएर आधी छायाचित्रकार होता, ते इथे दिसतं.

एक विनंती. या फिल्म्सना आता रंग भरून, चौकटी वाढवून, गुळगुळीत करून टाकलेल्या आवृत्त्या खूप फिरतात. त्या बघू नका. त्यातले अर्धे तपशील यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. जुन्या फिल्मवरचे ओरखडे दिसले तरी चालतील, पण जे दिसतंय ते त्या दिवशी तिथे होतं एवढी खात्री हवी.

लिऑनची_अदिती

अगं, मी त्याच गावात राहते! आठ वर्षं झाली. मेट्रोच्या डी मार्गावर मोंप्लेझिर-ल्युमिएर नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरलं की समोरच आंत्वान ल्युमिएरचा वाडा. आता तिथे संग्रहालय आहे. शेजारच्या रस्त्याचं नावच 'पहिल्या फिल्मचा रस्ता' असं आहे. कारखान्याचा बहुतेक भाग पाडला गेला, पण ज्या शेडच्या बाजूने कामगार बाहेर पडले तिचा सांगाडा राखलाय, लाकडी तुळया आणि छप्पर. त्याच्या पोटात आता चित्रपटगृह आहे. तिथे पहिल्यांदा सिनेमा बघायला गेले तेव्हा मध्यंतरात नुसती तुळयांकडे बघत बसले होते.

आई-बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना नेलं. बाबांनी फाटकाच्या जागी उभं राहून आईचा फोटो काढला, मग आईने बाबांना तिथून चालत बाहेर यायला लावून व्हिडिओ काढला, पन्नास सेकंदांचाच! आमच्यासारखं करणारे तिथे रोज कुणी ना कुणी असतात.

संग्रहालयात मला सगळ्यात जास्त वेळ अडवलं ते यंत्राने. फोटोत मोठं वाटतं, प्रत्यक्षात एवढंसं आहे, आजीच्या देवाच्या पेटीएवढं. म्हणूनच ते घेऊन ल्युमिएरांची माणसं जगभर फिरू शकली. त्यांच्या यादीत चौदाशेवर फिल्म्स आहेत आणि त्यातल्या कितीतरी या फिरत्या चालकांनी काढलेल्या. दिवसा त्याच पेटीने गावातलं दृश्य टिपायचं, रात्री खोलीत धुऊन प्रिंट काढायची आणि दुसऱ्या दिवशी गावालाच दाखवायचं.

सुमेधा_पुणे

या धाग्यावर दिग्दर्शिका आलिस गी हिचं नाव अजून फक्त शीर्षकात आलंय, म्हणून लिहिते. थोडं मोठं होईल.

1873 चा जन्म. वडील गेल्यावर घर चालवायला लघुलेखन शिकली आणि एका फोटोच्या सामानाच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली. तीच कंपनी पुढे तिच्या साहेबाने, लेऑन गोमाँने, आपल्या नावाने चालवली. मार्च 1895 मध्ये ल्युमिएरांनी पॅरिसमध्ये निवडक लोकांना जे प्रात्यक्षिक दाखवलं, तिथे गोमाँबरोबर ही एकवीस वर्षांची मुलगीही हजर होती. तिला वाटलं, कारखाने आणि आगगाड्या कशाला, यात गोष्ट सांगता येईल. तिने साहेबाकडे परवानगी मागितली. कचेरीच्या कामात खोळंबा होणार नसेल तर कर, असं त्याने सांगितल्याचं तिने आठवणींत लिहून ठेवलंय. त्यातून कोबीच्या परीची फिल्म आली, 1896 साली. फ्रान्समध्ये मुलं कोबीच्या गड्ड्यांतून येतात असं लहान पोरांना सांगतात, त्यावरची. आज आपल्याला बघायला मिळते ती याच विषयावरची 1900 सालची आवृत्ती.

पुढची दहाएक वर्षं गोमाँचं सगळं चित्रण तिच्या हाताखाली होतं. ती नुसती दिग्दर्शिका नव्हती, अख्ख्या विभागाची प्रमुख होती. तबकडीवरच्या गाण्याशी ओठ जुळवून काढलेल्या शंभरावर फिल्म्स तिने केल्या, बोलपट यायच्या वीसेक वर्षं आधी. 1906 मध्ये ख्रिस्ताचं चरित्र पंचवीस प्रवेशांत काढलं, जवळपास तीनशे माणसं घेऊन.

पण मला तुम्हाला एक छोटी फिल्म दाखवायची आहे. त्याच सुमाराची, डोहाळे लागलेल्या बाईची. दिवस भरत आलेली बाई रस्त्याने चाललीय, नवरा मागून मोठ्या पोराची बाबागाडी ढकलतोय. तिला दिसेल ते हवं होतं. एका लहान मुलीच्या हातचा लॉलीपॉप, एका गृहस्थाचा मद्याचा पेला, भिकाऱ्याचा मासा, कुणाचातरी पाइप. ती हिसकावते आणि मग कॅमेरा एकदम तिच्या जवळ जातो. छातीपासून वर फक्त ती, आणि ती तो घास असा काही चाखते की आपल्या तोंडाला पाणी सुटावं. मी स्वतः दोन बाळंतपणं काढलीयत. मला पहिल्या वेळी चिंचेचं आणि ओल्या मातीच्या वासाचं वेड लागलं होतं. त्या बाईचा चेहरा बघून मी एकटीच मोठ्याने "अगदी!" म्हणाले. डोहाळे हा विषय, चेहऱ्याच्या इतकं जवळ जाऊन, 1906 साली कुणा पुरुषाला सुचला असता असं मला वाटत नाही.

1907 मध्ये लग्न होऊन ती अमेरिकेला गेली, 1910 मध्ये सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली, न्यू जर्सीत फोर्ट ली इथे स्टुडिओ बांधला. तिथे भिंतीवर नटांसाठी मोठी पाटी लावली होती: सहज वागा. पुढे कंपनी बुडाली, संसार मोडला, 1922 मध्ये ती मुलांना घेऊन फ्रान्सला परतली आणि तिला काम मिळालं नाही. सिनेमाचे इतिहास लिहिले जाऊ लागले तेव्हा तिच्या फिल्म्स इतरांच्या नावावर पडल्या. म्हातारपणी ती स्वतः ग्रंथालयांत जाऊन आपल्या फिल्म्स शोधत होती, आणि सापडल्या त्या अगदी थोड्या. 1968 मध्ये ती गेली. आठवणी छापून आल्या 1976 मध्ये. मला याचा खरोखर राग येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

रंगरेषा

सुमेधाताई, डोहाळ्यांची फिल्म आत्ताच पाहिली. काय बाई आहे ती!

बायकांचाच विषय निघाला म्हणून. मेलिएसच्या रंगीत फिल्म्स हाताने रंगवलेल्या असायच्या हे माहीत होतं, पण कुणी रंगवल्या ते अलीकडे कळलं. पॅरिसमध्ये एलिझाबेत त्युलिए नावाच्या बाईंची कार्यशाळा होती, तिथे दोनशेच्या वर बायका कामाला. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने फिल्मभर फक्त निळा द्यायचा, मग ती पट्टी पुढे, दुसरीने फक्त लाल. त्युलिएबाई रात्री बसून नमुन्याची पट्टी रंगवत आणि रंग ठरवत.

मी काचेवर बारीक चित्रकाम करते. फिल्मची एक चौकट पोस्टाच्या लहान तिकिटाएवढी. त्यातला माणूस नखाएवढा, त्याचा डगला तांदळाच्या दाण्याएवढा. एका केसाचा ब्रश लागतो. मेलिएसची 1902 ची चंद्रावरची सफर 260 मीटर लांब होती, म्हणजे तेरा हजारांहून जास्त चौकटी, आणि हे फक्त एका प्रिंटसाठी! गेल्या आठवड्यात मी तेवढ्या आकाराच्या काचतुकड्यांवर एकच डगला ओळीने वीस वेळा रंगवून पाहिला. दहाव्या तुकड्यापासून रंग कडेबाहेर जायला लागला. ते तुकडे एकामागून एक पटापट बघितले तर डगला थरथरतो, अगदी त्या फिल्म्समध्ये थरथरतो तसाच. तो थर हाताचा आहे हे तेव्हा कळलं.

त्या फिल्मची रंगीत प्रिंट नाहीशी झाली असंच सगळे धरून चालले होते. 1993 मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहालयाकडे एक सापडली, पण रीळ आवळून दगडासारखं झालेलं. चौकटी एकेक करून सोडवल्या. 2011 मध्ये कानच्या महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर आली.

शर्वरी_नाशिक

@रंगरेषा, तुमच्या त्या वीस तुकड्यांचा फोटो टाकाल का? भाचीला हवाय.

आता मेलिएस. झॉर्ज मेलिएसच्या वडिलांचा बुटांचा कारखाना होता. त्याचं मन जादूत. 1888 मध्ये आपल्या वाट्याचे पैसे घालून त्याने पॅरिसचं रोबेर-उदँ हे जादूचं नाटकगृह विकत घेतलं. ल्युमिएरांचा खेळ पाहून त्याने तिथल्या तिथे यंत्राला 10,000 फ्रँक देऊ केले. आंत्वान ल्युमिएरने नाही म्हटलं. मग लंडनहून रॉबर्ट पॉलचं प्रोजेक्टर आणलं, त्याची रचना समजून घेतली आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवला.

पुढची गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली. ऑपेराच्या चौकात चित्रण करताना फिल्म अडकली, सोडवायला मिनिटभर गेला, पुन्हा सुरू केलं. धुऊन बघितलं तर पडद्यावर घोड्यांच्या बसची एकदम शववाहिका झालेली. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा, या एका युक्तीवर त्याने पुढे किती इमारती रचल्या!

लोक चंद्रावरची सफर बघून थांबतात. तुम्ही रबरी डोक्याची फिल्म बघा, 1901 ची. वैद्यासारखा दिसणारा मेलिएस टेबलावर स्वतःचंच मुंडकं ठेवतो आणि भात्याने हवा भरतो. डोकं फुगत फुगत खोलीएवढं होतं, मग हवा सोडतो, लहान होतं. मग मदतनिसाला भाता मिळतो, तो भरतच सुटतो आणि डोकं फुटतं. केलं कसं, तर काळ्या पडद्यासमोर, उतारावर ठेवलेल्या खुर्चीगाडीत मेलिएस बसलाय, अंगावर काळं कापड, फक्त डोकं उघडं, आणि दोरीने ती गाडी कॅमेऱ्याकडे ओढली जातेय. जवळ येईल तसं डोकं मोठं. मग तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच बाकीच्या खोलीचं चित्रण. डोकं नेमकं टेबलावरच बसावं म्हणून गाडीचा उतारही मोजूनमापून केलेला. आणि हे सगळं करताना गाल फुगवून, डोळे फिरवून अभिनयही त्याचाच. दोन्ही मेलिएस एकमेकांकडे बघतात ती नजर चुकत नाही.

मोंत्रय गावी 1897 मध्ये त्याने काचेच्या भिंतींचा स्टुडिओ बांधला, आतला मंच त्याच्या नाटकगृहाच्या मंचाच्या मापाचा. पडदे, सामान, कपडे सगळं राखाडी छटांत रंगवलेलं, कारण त्या वेळच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा. आधी राखाडी जग रचायचं आणि मग त्युलिएबाईंकडे रंगायला पाठवायचं!

शेवट फार वाईट झाला. अमेरिकेत त्याच्या फिल्म्सच्या चोरून प्रती निघाल्या. पुढे पातेसारख्या मोठ्या कंपन्यांनी फिल्म्स विकण्याऐवजी भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्या उलाढालीपुढे एकट्या कारागिराचा टिकाव लागेना. युद्धाच्या काळात त्याच्या बऱ्याच प्रिंट्स वितळवून बुटांच्या टाचा करायला गेल्या. बुटांच्या कारखान्यातून निघालेल्या माणसाच्या फिल्म्स पुन्हा बुटांतच! 1923 मध्ये मोंत्रय सोडावं लागलं तेव्हा निगेटिव्ह ठेवायला जागा नव्हती, त्याने स्वतःच्या हाताने जाळल्या. मग मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांचं दुकान. पाचशेवर फिल्म्स काढल्या, त्यातल्या दोनशेच्या आसपास आज शिल्लक आहेत.

कालाघोडा

मुंबईकरांच्या वतीने थोडी भर. ल्युमिएरांचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत उतरला आणि 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलमध्ये पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया. आजची काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे तीच इमारत. फाटकातले कामगार, आगगाडी, भिंत पाडणं हे सगळं पॅरिसनंतर सात महिन्यांच्या आत मुंबईने पाहिलं. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय.

ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, आपले सावेदादा. त्यांनी लंडनहून 21 गिनींना कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली.

आणि मेलिएसचं वाचताना मला सारखे दादासाहेब फाळके आठवत होते. तेही जादूगार! आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ करायचे. गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा बघून त्यांना कृष्ण आणि राम डोळ्यांसमोर दिसले, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. हात बसवायला पहिली फिल्म केली ती वाटाण्याच्या रोपाची, थोडी थोडी चौकट घेऊन बी उगवताना दाखवायची. मेलिएसची तीच युक्ती: थांबवा, बदलू द्या, पुन्हा सुरू करा. इथे बदल निसर्ग करत होता एवढंच. आणि पट्टीला भोकं पाडण्यापासून धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई करत. त्युलिएबाईंच्या बायकांसारखंच, पडद्यामागे राहून.

फ्लिपबुक

मी ॲनिमेशन शिकतोय. एमिल कोलचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घाईत लिहितो. 1908, गोमाँसाठी केलेली 'फँटस्मागोरी'. सुमारे सातशे चित्रं, प्रत्येकाचे दोन फोटो, दोन मिनिटांच्या आतली फिल्म. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढून निगेटिव्ह दाखवलं, त्यामुळे फळ्यावर खडूने काढल्यासारखं दिसतं. सुरुवातीला कोलचा हात येऊन विदूषक काढतो. पुढे विदूषक, बाटली, फूल, हत्ती, घर, एकातून दुसरं निघत राहतं आणि कुठे जोड दिसत नाही. आम्हाला पहिल्या सत्रात बारा सेकंदांचं काम होतं, मला तीन आठवडे लागले.

आणखी एक: शोमोन. मूळ स्पेनचा, पण पातेकडे काम केलं. 1907 ची जपानी कसरतपटूंची फिल्म बघा. एक लहान पोर फळीवर अख्खा मनोरा तोलतं. सगळी माणसं जमिनीवरच्या काळ्या कापडावर झोपलीयत आणि कॅमेरा वरून खाली बघतोय. माहीत असूनही डोळे मानत नाहीत.

कोल गेला 20 जानेवारी 1938 ला. दुसऱ्या दिवशी, 21 ला, मेलिएस.

शर्वरी_नाशिक

@फ्लिपबुक, ती शेवटची ओळ वाचून मी बराच वेळ गप्प होते.

@काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल फाटकाची फिल्म हळू लावली. पावलं जड होईपर्यंत वेग उतरवला. आणि भाचीला एक गोष्ट दिसली जी मला दोन महिन्यांत दिसली नव्हती. फाटकातून निघालेल्या बायका दोन बाजूंना पांगतात, तिथे एक जण वळता वळता दुसरीचा घागरा मागून खेचते आणि निघून जाते. साहेब समोर यंत्र घेऊन उभा असताना! अर्ध्या सेकंदाचं काम. भाची म्हणाली, मावशी, या मैत्रिणी आहेत.

तंबूवाले_काका

बाळाला माझा आशीर्वाद सांगा. मी आत्ता लावून बघितलं. दिसली. तीन वेळा बघितली.